पिसाळलेले कुत्रे पुरण्याआधी

गावात एखादे कुत्रे पिसाळते, दोन-चार माणसांना आणि वाटेत सापडलेल्या जनावरांना चावते, आणि अखेर लोक त्याला मारतात किंवा ते आपोआप मरते. त्यानंतर ठरलेल्या दोन गोष्टी घडतात. चावा बसलेली माणसे लस घेण्यासाठी रुग्णालयात जातात आणि कुत्रे गावाबाहेर खड्डा खणून पुरले जाते. पहिली गोष्ट अत्यावश्यक आहे, तिच्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या गोष्टीविषयी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून सरकारी नोकरी केली तेव्हापासून माझे एक मत होत गेले आणि निवृत्तीनंतरच्या वाचनाने ते पक्के झाले. आपल्याकडचा रेबीज लशीच्या तुटवड्यामुळे जितका टिकून आहे, त्याहून अधिक तो या पुरलेल्या आणि कधीच न तपासलेल्या कुत्र्यांमुळे टिकून आहे.

हा रोग किती पसरला आहे याचा अंदाज घ्यायला गेलो तरी हीच अडचण समोर येते. भारतात रेबीजने दरवर्षी 18 ते 20 हजार माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाल्याने वर्षानुवर्षे सांगितले जात होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी 2022-23 मध्ये घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज मात्र वर्षाला 5,726 मृत्यूंचा आहे, आणि त्याच सर्वेक्षणानुसार देशात वर्षाला सुमारे 91 लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे असतात. मृत्यूंचे प्रमाण खरोखर कमी झाले असेल तर आनंदच आहे. परंतु ज्या रोगात लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्या रोगाच्या मृत्यूंच्या दोन अंदाजांत तिपटीहून अधिक अंतर पडावे, यावरून आपण किती अंधारात चाललो आहोत ते कळते. माणसांची ही स्थिती, तर कुत्री, गाई, म्हशी, मांजरे आणि रानातले कोल्हे यांच्यात हा रोग किती आहे हे कोण सांगणार? आणि माणसापर्यंत येणारा रेबीज तर जनावरांतूनच येतो.

जनावरांतला रेबीज लोकांना ओळखता येतो असे आपण धरून चालतो, कारण पिसाळलेल्या कुत्र्याचे एक ठरावीक चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते: तोंडाला फेस, लाल डोळे, दिसेल त्याच्या अंगावर धावणे. परंतु बरीच कुत्री या रोगात आक्रमक होतच नाहीत. ती अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडतात, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात आणि काही दिवसांत ती मरतात. अशा कुत्र्याला विषबाधा झाली असावी किंवा गाडीने ठोकले असावे असे समजून दयाळू माणसे त्याच्या तोंडात पाणी घालायला जातात. उलट बाजूने, कुत्र्यांतला डिस्टेंपर हा दुसराच विषाणुजन्य रोग कधी कधी रेबीजसारखा दिसतो आणि घबराट उडवतो. नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान या दोन्ही बाजूंनी चुकते.

गोठ्यात हा घोळ अधिकच जीवघेणा होतो. म्हैस चारा सोडते, रवंथ थांबतो, दूध एकदम आटते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, आवाज घोगरा होतो आणि ती मान लांब करून सारखी हंबरत राहते. दवाखान्यात निरोप येतो तो बहुतेक वेळा एकाच शब्दांत: ‘डॉक्टरांनू, गळ्यात कायतरी अडाकल्यासारख्या वाटता.’ आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत घरातल्या कोणीतरी आंब्याची कोय किंवा नारळाची शेंडी शोधण्यासाठी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून पाहिलेला असतो. त्या हातावर कोयत्याचा ओरखडा असेल, नखाजवळची कातडी निघालेली असेल, तर लाळेतला विषाणू आत शिरायला तेवढी वाट पुरते. अशा गोठ्यात गेल्यावर मी आधी म्हशीकडे न पाहता घरातल्यांचे हात पाहत असे आणि ‘महिना-दोन महिन्यांत वाडीत एखादे कुत्रे विचित्र वागले होते का’ हे विचारत असे. उत्तर बहुधा होकारार्थी येई आणि त्या कुत्र्याचे काय झाले या प्रश्नावर ‘पुरले’ एवढेच ऐकायला मिळे. त्या कुत्र्याचा मेंदू वेळीच तपासला गेला असता, तर त्याने चावलेल्या म्हशीला 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी लस देता आली असती, किमान तिच्या तोंडात हात घालू नका हे त्या घराला आधी सांगता आले असते.

कुत्र्यांमधला रेबीज आटोक्यात आणता येतो याचे आपल्या अगदी शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हावी तेवढी होत नाही, ही माझी खंत आहे. गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी 2013 पासून तेथे जे काम उभे केले, त्याचा 2019 पर्यंतचा तपशीलवार हिशेब 2022 मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्र्यांना लस, राज्यभर सुमारे 70 टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोच, दरवर्षी दीड लाख शाळकरी मुलांना रेबीजविषयी माहिती, कुत्र्यांमधल्या मासिक रुग्णसंख्येत 92 टक्के घट, आणि माणसांमधल्या रेबीजचे उच्चाटन, असे त्याचे फळ आहे. आकडे मोठे आहेतच, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे आकडे मिळवण्याची रीत.

लसीकरण शिबिर म्हटले की आपल्याकडे ग्रामपंचायतीसमोर किंवा दवाखान्यात टेबल मांडून बसायचे आणि लोकांनी कुत्री घेऊन यायचे, अशी पद्धत आहे. त्यात पट्टा बांधलेली, घरात वाढलेली कुत्री येतात. ज्यांच्यात रोग फिरतो ती मासळी बाजारातली, एस.टी. स्थानकावरची, कोंबडीच्या दुकानामागची आणि चार घरांनी मिळून पोसलेली कुत्री येत नाहीत, कारण त्यांना आणणारे कोणी नसते. गोव्यात पथके घरोघरी आणि गल्लोगल्ली गेली. जी कुत्री हाताने धरता येतील ती धरून आणि जी येणार नाहीत ती जाळीने पकडून, लस टोचून तेथेच सोडून देण्यात आली. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर काही दिवस टिकणाऱ्या रंगाची खूण केली जाई आणि त्याची नोंद त्याच जागी मोबाइलमधल्या अॅपवर, ठिकाणासह होत असे. कोणत्या पथकाने कोणता भाग करायचा हे नकाशावर आखून दिलेले असल्यामुळे दोन पथके एकाच गल्लीत जाऊन तिसरी गल्ली तशीच राहिली, असे होण्याची शक्यता कमी झाली.

पुढची पायरी तर मला सर्वांत मोलाची वाटते. लसीकरण झालेल्या भागात नंतर दुसरी माणसे फिरतात आणि दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याची नोंद करतात: रंग आहे की नाही. शंभर कुत्र्यांत सत्तर रंगवलेली दिसली तर त्या भागातले काम झाले. पन्नासच दिसली तर पथकाने परत जायचे. हीच पद्धत झारखंडमध्ये रांची शहरातही वापरली गेली आणि तिच्यावर लेखन झाले आहे. यात भारी यंत्रसामग्री काही लागत नाही, लागतो तो स्वतःच्या कामाची तपासणी दुसऱ्याकडून करून घेण्याचा प्रामाणिकपणा. आपल्या अहवालांत ‘इतक्या मात्रा वापरल्या’ असे लिहिण्याची रीत आहे. परंतु गावात कुत्री किती हेच ठाऊक नसेल, तर पाचशे मात्रा संपल्या या वाक्यातून रेबीजविषयी काहीही कळत नाही.

सत्तर टक्के हा आकडा कोठून आला, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे महत्त्व पटत नाही. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देते. गोवरासारखा हा झपाट्याने पसरणारा रोग नाही. त्यामुळे निम्म्याहून कमी कुत्री सुरक्षित असली तरी साखळी तुटू शकते. मग सत्तर कशासाठी? कारण रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे असते. जानेवारीत सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली आणि वर्षभरात त्यांतली एक तृतीयांश मेली, त्यांच्या जागी नवी पिल्ले आली, असे धरले तर डिसेंबरपर्यंत सुरक्षित कुत्री सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास उरतात. म्हणजे पुढच्या मोहिमेपर्यंत साखळी तुटलेलीच राहावी यासाठी सुरुवात सत्तरने करावी लागते, आणि दरवर्षी करावी लागते. एक वर्ष निधी आला नाही म्हणून मोहीम वगळली तर आधीच्या वर्षाचे बहुतेक काम वाया जाते. याच हिशेबातून पिल्लांचाही प्रश्न सुटतो. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला लस देऊ नये ही समजूत आपल्या सहकाऱ्यांत खोल रुजलेली आहे. सामूहिक मोहिमेत मात्र सापडेल त्या पिल्लालाही लस द्यावी अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण आज सोडलेले पिल्लू पुढच्या वर्षीच्या मोहिमेपर्यंत लशीविना मोठे होणार असते.

येथे निर्बीजीकरणाविषयी बोलणे भाग आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रियेबरोबर रेबीजची लसही दिली जाते आणि ओळखीसाठी कानाला खाच पाडली जाते. हे चांगलेच आहे. परंतु कानाला खाच असलेले कुत्रे कायमचे सुरक्षित, असा समज शहरांतही आढळतो आणि तो धोक्याचा आहे. खाच आयुष्यभर राहते, पण लस वेळोवेळी पुन्हा द्यावी लागते. शस्त्रक्रियेला डॉक्टर, जागा, पिंजरे आणि नंतरची देखभाल लागते, म्हणून तिचा वेग नेहमीच कमी राहणार. रेबीज रोखण्यासाठी निर्बीजीकरण पूर्ण होण्याची वाट पाहत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय. दोन्ही कामे करावीत, पण लसीकरण निर्बीजीकरणाच्या रांगेत उभे करू नये.

कुत्री मारून टाका, ही मागणी प्रत्येक दुर्घटनेनंतर येते, आणि ज्याच्या घरातले मूल चावले गेले त्याच्या तोंडून ती आली तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. तरीही मारण्याचा परिणाम काय होतो हे पाहिले पाहिजे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर 1997 मध्ये बाहेरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रेबीज पोहोचला. बेटावरची सुमारे निम्मी कुत्री मारण्यात आली. रोग गेला नाही. ज्या गावांत कुत्री संपली तेथे लोकांनी दुसरीकडून कुत्री आणली आणि त्यांच्याबरोबर विषाणूही फिरत राहिला. त्याच देशातल्या बाली बेटावर 2008 मध्ये रेबीज शिरल्यावर आधी कत्तलीचाच मार्ग धरला गेला, आणि 2010 पासून बेटभर लसीकरण सुरू झाल्यावर रुग्णसंख्या खाली आली. मारलेल्या कुत्र्यांत लस टोचलेली कुत्रीही असतात, आणि त्यांच्या जागी येणारे कुत्रे लस न टोचलेले असते. इतका हा साधा हिशेब आहे.

आता तपासणीकडे येतो. रेबीजचे खात्रीचे निदान मेलेल्या जनावराच्या मेंदूवर होते. मेंदूच्या बुंध्याचा आणि लहान मेंदूचा तुकडा काचेवर घासून त्यावर विषाणूला चिकटणारे चमकणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) सोडले, की विषाणू असल्यास विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली सफरचंदी हिरवे ठिपके उजळतात. ही तपासणी काही तासांत होते. अडचण असते ती नमुना काढण्याची. संपूर्ण कवटी करवतीने फोडायची म्हटले की प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो, आणि ती भीती रास्तच आहे. परंतु त्याची आता गरज उरलेली नाही. मान वेगळी केल्यावर कवटीच्या मागच्या बाजूला मज्जारज्जू जेथून बाहेर पडतो ते गोल छिद्र दिसते. त्यातून प्लास्टिकची जाडसर नळी डोळ्याच्या दिशेने फिरवत आत सरकवली की मेंदूचा लांबट तुकडा नळीत अडकून बाहेर येतो. दोन हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क आणि हे काम करणाऱ्याला आधीच दिलेली रेबीजची लस, एवढ्या तयारीवर सरावलेला माणूस काही मिनिटांत नमुना काढतो. नमुना बर्फावर ठेवून पाठवायचा. फॉर्मेलीन या रसायनात बुडवून पाठवला तर ही नेहमीची तपासणी अवघड होऊन बसते. आणि हे काम प्रशिक्षित पशुवैद्यकाचेच आहे, गावकऱ्यांनी त्यात हात घालू नये, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

नमुना काढणे शक्य आहे, तपासणाऱ्या प्रयोगशाळा देशात आहेत, मग नमुने का जात नाहीत? माझ्या अनुभवात त्याचे खरे कारण असे की निकालाची वाट पाहणारे कोणी नसते. आरोग्य खात्याकडे चाव्यांची नोंदवही असते. कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला, कशा कुत्र्याचा चावा, हे सारे तेथे लिहिलेले असते, आणि एकाच आठवड्यात एकाच वाडीतून सहा माणसे आली तर तेथे रोगी कुत्रे फिरते आहे हे कोणाही शहाण्या माणसाला त्या पानावरून कळावे. ती माहिती त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचणे ही रेबीजवरची सर्वांत स्वस्त देखरेख आहे. चावणारे कुत्रे जिवंत सापडले तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचे. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते या मुदतीत आजारी पडून मरते, जिवंत आणि धडधाकट राहिले तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. मेले तर तपासायचे. तपासणीत रोग निघाला तर त्या वाडीभोवतीच्या सर्व कुत्र्यांना लगेच लस द्यायची आणि चावलेली जनावरे शोधायची. गोव्यात संशयित कुत्र्यांसाठी दूरध्वनी सेवा, तपासणी करणारे पथक आणि प्रयोगशाळा ही साखळी एकमेकांना जोडलेली होती, म्हणूनच त्यांना रोग कोठे उरला आहे हे दाखवता आले.

अशी देखरेख सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याने एका गोष्टीची मनाची तयारी ठेवली पाहिजे. शोध सुरू झाला की रुग्णसंख्या आधी वाढते. जेथे वर्षानुवर्षे शून्य लिहिले जात होते तेथे अचानक दहा कुत्री बाधित निघतात आणि वरून विचारणा होते की तुमच्याच तालुक्यात एवढा रेबीज कसा. याच भीतीने कित्येक ठिकाणी शून्य जपले जाते. नमुने न पाठवता आलेले शून्य आणि शेकडो नमुने तपासून आलेले शून्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वरिष्ठांनी बाधित नमुन्यांबरोबर पाठवलेल्या नमुन्यांची संख्याही विचारायला सुरुवात केली, तर या एका प्रश्नाने पुष्कळ काही बदलेल, असे मला मनापासून वाटते.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर दोडामार्ग, सावंतवाडी आणि वेंगुर्ले हे तालुके गोव्याला लागून आहेत. सीमेवरच्या गावांतली कुत्री तेरेखोल किंवा तिळारी नदीच्या पलीकडे कोणते सरकार आहे हे पाहून फिरत नाहीत. शिवाय टेम्पोतून, कामगारांच्या बिऱ्हाडाबरोबर, कोणाला हौसेने दिलेले पिल्लू म्हणूनही ती इकडून तिकडे जातात. एका राज्याने कितीही मेहनत घेतली तरी शेजारून विषाणू येत राहिला तर त्याला कायम पहारा द्यावा लागतो. म्हणून गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या आणि कर्नाटकातल्या गावांत गोव्याबरोबर एकाच हंगामात लसीकरण व्हावे, आणि बाधित नमुन्यांची माहिती तिन्ही बाजूंनी एकमेकांना मिळावी. केंद्र सरकारने 28 सप्टेंबर 2021 रोजी कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या उच्चाटनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्याची मुदत 2030 आहे. उरलेला वेळ पाहता, जिल्हावार वेगवेगळी सुरुवात करण्यापेक्षा जेथे शेजारी काम उभे आहे तेथून पुढे सरकणे शहाणपणाचे ठरेल.

जाळीने कुत्री पकडणे दमवणारे असते आणि एकदा पकडले गेलेले कुत्रे पुढच्या वर्षी पथकाची गाडी पाहूनच पळते. त्यावर तोंडावाटे देण्याच्या लशीचा विचार सुरू आहे. स्वित्झर्लंडमध्ये 1978 साली कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी रानात ठेवण्यात आली, आणि पुढे याच मार्गाने पश्चिम युरोपातला कोल्ह्यांचा रेबीज हटवण्यात आला. गोव्यातही लस न भरलेली आमिषे कुत्र्यांना देऊन पाहण्याचा अभ्यास झाला आहे आणि हाती न लागणारी कुत्री त्या वाटेने गाठता येतात असे त्यातून दिसले. आपल्याकडे हा मार्ग खुला झाला तर हट्टी कुत्र्यांसाठी तो फार उपयोगी पडेल. परंतु जी कुत्री आज हाताने धरता येतात त्यांना टोचायला तोवर थांबण्याचे कारण नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावात संशयास्पद कुत्रे, मांजर किंवा गोठ्यातले जनावर मेले, तर पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे आणि ‘मेंदूचा नमुना घेणार का’ असे स्पष्ट विचारावे. मृत जनावराला उघड्या हाताने स्पर्श करू नये, डोके ठेचू नये, ते सावलीत प्लास्टिकने झाकून, इतर कुत्री आणि मुले जवळ येणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावे. उन्हात एक दिवस गेला की मेंदू कुजतो आणि तपासणी होत नाही. ज्यांना चावा किंवा ओरखडा बसला आहे, किंवा ज्यांच्या जखमेला लाळ लागली आहे, त्यांनी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे, तपासणीच्या निकालासाठी थांबू नये. त्या जनावराने आणखी कोणाकोणाला चावले याची यादी, गुरांसह, त्याच दिवशी कागदावर लिहून काढावी आणि तिची एक प्रत दवाखान्यात द्यावी, कारण आठवड्याने विचारले तर निम्मी नावे आठवत नाहीत.